क्लचखालचा स्विच

आमच्या ह्यांना सगळे गिअरमिस्त्री म्हणतात. आमची जुनी व्हॅन मी चालवते आणि हे शेजारी बसून तिचा गिअरबॉक्स ऐकतात. सत्तावीस वर्षांत माझं बोलणं इतकं कान देऊन ऐकलं असतं तर निम्मी भांडणं वाचली असती.

ह्यांची कामाची एक पद्धत आहे. गाडी कामाला घेतली की तिला लागणारं सगळं सामान, अगदी वॉशरपर्यंत, एका परातीत काढून ठेवायचं. परात माझ्याच स्वयंपाकघरातली, कड चेपली म्हणून गॅरेजात गेलेली. कागदावर काही लिहून ठेवणं ह्यांना जमत नाही. परात रिकामी झाली की काम संपलं, गाडी मालकाच्या हवाली. आजवर ह्यात कधी चूक झाली नव्हती आणि त्याचा ह्यांना भारी तोरा होता.

दातांच्या डॉक्टरीणबाईंची ती गाडी. दोन दारांची, बसकी, तीस वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार, पण ऑटोमॅटिक. जोर इंजिनाचा आणि मर्जी गिअरबॉक्सची, असं तिचं चालायचं. बाई वैतागल्या होत्या. "मला हातानं गिअर टाकायचाय," त्या म्हणाल्या, "बाबांनी मला तसंच शिकवलं होतं. मध्ये वीस वर्षं ऑटोमॅटिकमध्ये फुकट गेली." बाबा आता ऐंशीच्या पुढचे, बाईंजवळच राहतात. सकाळी घरच्या गॅरेजचं शटर वर केलं की तिथं छान ऊन येतं, म्हणून गाडीच्या नाकासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात. हे सगळं बाईंनीच आम्हाला कौतुकानं सांगितलेलं.

कामाला तीन महिने लागले. तसल्याच एका भंगारातल्या गाडीचा गिअरबॉक्स आणला, क्लचचं पेडल बसवलं, गिअरच्या दांड्यासाठी मधला पत्रा कापला. इंजिनाच्या टोकाला अंगठीएवढं एक बेअरिंग लागतं, ते ऑटोमॅटिकमध्ये नसतंच. त्या बेअरिंगनं आठवडाभर ह्यांच्या घशाखाली घास उतरू दिला नाही. शेवटी राहिलं स्टार्टरचं. ऑटोमॅटिक गाडी दांडा पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सुरूच होत नाही. तो दांडा गेला, त्याच्यासोबत ती राखणही गेली. मग ती राखण क्लचखाली बसवायची असते. बोटाएवढा एक स्विच, पेडल पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारा. इंजिन चालवून बघायला ह्यांनी स्विचच्या जागी दोन वायरी तात्पुरत्या पिळून जोडल्या. स्विच कागदाच्या पुडीत, परातीत होता.

होता, असं मी म्हणते, कारण तो तिथून मी उचलला. परातीत ऑइल सांडलं होतं. मी ती डिझेलनं धुतली, बाकीचं सामान पुसून परत ठेवलं आणि ती बारकी पुडी शिल्लक मालाची समजून सुट्या सामानाच्या माझ्या डब्यात टाकली. दोन दिवसांनी परात रिकामी झाली. ह्यांनी गाडी बाईंच्या हवाली केली. जाताना बजावलंही, "तुमच्या दारात उतार आहे, हँडब्रेक जुना आहे. उभी करताना पहिल्या गिअरमध्ये ठेवायची."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एका ऑइल सीलसाठी तो डबा पालथा केला आणि पुडी हातात आली. "ही कसली हो?" मी विचारलं. ह्यांनी पुडीकडे पाहिलं, मग परातीकडे, आणि ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"त्या गाडी कशी सुरू करतात, पाहिलंयस ना?" हे म्हणाले.

पाहिलं होतं. बाई बाहेर उभ्या राहूनच खिडकीतून हात घालून किल्ली फिरवायच्या आणि गाडी गरम होईपर्यंत पर्स आणायला जायच्या. ऑटोमॅटिकला ते चालतं. पण आता गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर पाय नाही, अडवणारा स्विच नाही. किल्ली फिरली की गाडी उडी घेणार. आणि नाकासमोर खुर्ची.

फोन लावला, वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. दवाखान्यात लावला, तर तिथली मुलगी म्हणाली, डॉक्टर आज आल्याच नाहीत, कळवलंही नाही. मी व्हॅन काढली. रस्त्यात प्रत्येक सिग्नल आम्हालाच लाल मिळत होता. मी ह्यांच्यावर तोंडसुख घेत होते. लिहून ठेवायला काय हात झिजतात का, परातीवर कसला धंदा करता, काय वाट्टेल ते. हे पुडी मुठीत धरून बसले होते. 'पुडी तू उचललीस' एवढं एकदा म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले नाहीत, म्हणून मी आणखीच ओरडत राहिले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते.

बाईंचं शटर उघडंच होतं. गाडी गॅरेजबाहेर, फाटकाच्या खांबाला नाक टेकून उभी. मागे फरशीवर खुर्चीचे तुकडे आणि पेपराची पानं.

मग पायरीवर बसलेले बाबा दिसले. धडधाकट. चष्मा आत राहिला म्हणून उठले होते, तेवढ्यात झालं. बाई त्यांच्याशेजारी बसल्या होत्या, रडून डोळे सुजलेले. आम्हाला पाहून त्याच ओशाळल्या. "मिस्त्री, माझीच चूक. गिअरमध्ये आहे हे विसरले. गाडी विकून टाका. मी पुन्हा हात लावणार नाही."

"मी सांगतच होतो," बाबा म्हणाले, "आता नाही जमायचं हिला."

इथं गप्प बसलो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. कोणी आमच्याकडे बोट दाखवलं नसतं. माझ्या मनात ते येऊन गेलं, लपवत नाही.

"चूक तुमची नाही," हे म्हणाले. "क्लचखाली एक स्विच लागतो. तो असता तर किल्ली फिरवूनही काही झालं नसतं. मी तो न बसवताच गाडी दिली."

"परातीतून मी उचलला होता," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले.

बाई उठून फरशीवरचे खुर्चीचे तुकडे गोळा करायला लागल्या. ओरडल्या असत्या तर सोसलं असतं. हे खाली वाकून गाडीत शिरले आणि अर्ध्या तासात स्विच बसवला. गाडी मागे घेऊन होती तिथं लावली, पहिल्या गिअरमध्ये. आत बसून, क्लचला पाय न लावता दोनदा किल्ली फिरवून दाखवली. काही झालं नाही.

"मागच्या वेळीही तुम्ही सगळं तपासलंय म्हणाला होतात," बाई म्हणाल्या.

ह्यांनी कोपऱ्यातलं एक स्टूल उचललं, गाडीच्या नाकासमोर ठेवलं आणि त्यावर बसले. गुडघे बंपरला लागत होते. "आता फिरवा. बाहेरून, नेहमीसारखी."

बाईंनी मान हलवली. हात मागे घेतले.

मग हे माझ्याकडे बघायला लागले.

मला त्या क्षणी ह्यांचा इतका राग आला की काय सांगू. बसायला हीच जागा सापडली होती. पण मी गेले. खिडकीतून हात घातला. किल्ली घामानं निसटत होती. क्लचवर कोणाचा पाय नव्हता, दांडा पहिल्यात होता, आणि काचेपलीकडे ह्यांचं विरळ झालेलं डोकं, इतक्या जवळ की पांढरे केस मोजता आले असते. मी डोळे मिटले नाहीत. फिरवली.

टक्क असा बारीक आवाज झाला. बास. गाडी जागची हलली नाही.

मी पुन्हा फिरवली. आणि मग पुन्हा. हात थांबतच नव्हता. किती वेळा फिरवली कोण जाणे, शेवटी बाईंनी माझं मनगट धरलं.

"सरका," त्या म्हणाल्या. त्यांनी दार उघडलं, आत बसल्या आणि डावा पाय क्लचवर ठेवला. "मिस्त्री, आता तिथून उठा. मला गाडी बाहेर काढायचीय."