तोंड उघडं ठेवण्याचा हुकूम

नातीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मला माझं पोस्टिंग कळलं. एग्मोरचा कल्याण मंडपम, म्हणजे मंगल कार्यालय, पहिला मजला, वधूपक्षाची खोली, दार बंद. मुहूर्ताला आजींनी खोलीतच राहायचं. हुकूम सूनबाईचा, उमाचा. तोंडी होता. पण सैन्यात आयुष्य गेलेल्या बाईला माहीत असतं, तोंडी हुकूमच जास्त पक्के असतात.

उमाचं चुकलं नव्हतं. साखरपुड्याच्या जेवणात कुणाच्या तरी हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं आणि मी, रिटायर्ड लेफ्टनंट कर्नल, केळीच्या पानासकट टेबलाखाली गेले. पायसम साडीभर. व्याही मंडळींनी मला बाहेर काढलं. मी म्हटलं, चमचा पडला होता, शोधत होते. कुणाला पटलं नाही.

माझ्या कानांत तरुणपणापासून शिट्टी वाजते. बारीक, अखंड. आली तेव्हा लान्स नायक होती, आता सुभेदार झाली आहे आणि कुणाचं ऐकत नाही. तिची सवय झाली. नवं आहे ते दुसरंच. गेली काही वर्षं रोजचे आवाज मोठे होत चालले आहेत. फोडणीत मोहरी पडली की स्मॉल आर्म्स फायर. मिक्सर लावला की हेलिकॉप्टर स्वयंपाकघरात उतरतं. आवडी या उपनगरातल्या आमच्या घरात आता इडलीचं पीठ मी मागच्या अंगणात गेल्यावर वाटतात.

कानाच्या डॉक्टरीणबाई समजावून म्हणाल्या, स्फोटात तुमच्या कानांतले काही सूर गेले. मेंदूला ते ऐकू येईनात, म्हणून त्यानं आतून आवाज वाढवला. तो अजून त्यांना शोधतोय. ही शिट्टी म्हणजे बहुधा तीच शोधाशोध. आणि आवाज एवढा वाढवून ठेवलाय, तेव्हा ताटाचीही तोफ होणारच.

परत येताना रिक्षात मी थक्क होऊन बसले. म्हणजे माझ्या डोक्यात इतकी वर्षं कुणीतरी हजेरी घेतंय. गैरहजर कोण हे त्याला ठाऊक आहे, तरी नाव कापायला तो तयार नाही.

त्या स्फोटाची हकीकत अशी.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. सीमेजवळच्या डोंगरात आमचं फील्ड हॉस्पिटल. सगळे तंबू. मागच्या उतारावर आपल्याच मीडियम तोफांची बॅटरी. त्यांनी फायर करण्याआधी आमचा फील्ड टेलिफोन वाजायचा.

"फायरिंग शॉर्टली. ओव्हर."

"रॉजर. आउट."

मग सगळ्यांनी कान झाकायचे आणि तोंड उघडं ठेवायचं. तोंड उघडं असलं की धक्का कानाच्या पडद्याला दोन्ही बाजूंनी सारखा पोचतो, असं तोफखान्याचं शिक्षण. सर्जन मेजरसाहेब, स्वयंपाक करणारा लांगरी, खाटेवरचे जखमी जवान, सगळे घरट्यातल्या पिल्लांसारखे आ करून बसायचे. एक मी सोडून.

तेव्हाची ती लेफ्टनंट तुम्ही पाहायला हवी होती. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, ओठ असे मिटलेले की जणू फोटोग्राफर समोर उभा आहे. तंजावरच्या मराठी रावांची मुलगी चारचौघांत आ वासत नाही, असं तिचं धोरण. आपला तोरा पाहून गोळासुद्धा वाट बदलेल, असा तिचा समज असावा.

माझ्या वॉर्डाला नायक मुरुगेसन हा नर्सिंग असिस्टंट होता. कुंभकोणमचा. म्हणजे माझ्या आजोळच्या वाटेवरचा, म्हणून आम्ही तमिळमध्ये बोलायचो. टेलिफोन वाजला की तो वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून माझ्याकडे बघून मोठा आ करायचा. बाळाला भात भरवताना आई करते ना, तसा. मी डोळे वटारायची. जवान हसायचे. एकदा म्हणाला, "मॅडम, तुमच्या ओठांना शिवण कुठल्या टेलरनं घातली?" मी त्याला एक्स्ट्रा ड्युटी लावली. त्यानं ती केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आ केला.

त्या दुपारी टेलिफोन वाजला नाही. गोळा आमच्या बाजूचा नव्हता. पहिला उतारावर पडला. मी चार नंबर खाटेशी ड्रिपची बाटली धरून उभी होते. बाटली सोडता येईना. दोन्ही हात अडकलेले, कान मोकळे, ओठ मिटलेले. मुरुगेसन धावत आला. त्यानं आपले दोन्ही तळवे माझ्या कानांवर दाबले आणि ओरडला, "वायै तिरंग, मॅडम." तोंड उघडा.

मी तोंड उघडलं. हुकूम पाळायला नव्हे, 'हात काढा' म्हणायला.

दुसरा गोळा त्याच्या पाठीमागे पडला.

तंबू खाली आला होता. वरचं कापड ओढून काढलं तेव्हा जगात आवाज नव्हता. मेजरसाहेबांचे ओठ हलत होते. मुरुगेसन माझ्यावर पालथा होता आणि त्याचे तळवे माझ्या कानांवर तसेच होते. ते मला काढावे लागले. चार नंबरचा जवान वाचला. अंधार पडेपर्यंत आम्ही खुणांनी काम केलं. रात्री शिट्टी आली. ती गेली नाही.

आता लग्न.

मुहूर्ताला आमच्याकडे गेट्टी मेळम असतो. मंगळसूत्र बांधताना सगळी नादस्वरं आणि तविल ढोल एकदम जोरात वाजतात. त्या क्षणी कुणाची शिंक, कुणाचा वाईट शब्द कानावर पडू नये म्हणून. मुहूर्ताआधी नात नित्या आणि मागोमाग उमा माझ्या खोलीत आल्या. मंगळसूत्राचं ताट आजीनंच धरायचं हा नित्याचा लहानपणापासूनचा हट्ट. ती म्हणाली, "आजी, मेळम जोरात नको, सांगते त्यांना. हळू वाजवतील."

मी म्हटलं, "आणि कुणी शिंकलं तर? ते मला जन्मभर ऐकू येत राहील. मेळम वाजणार."

"मग तू कुठे असशील?"

"पोस्टवर. ताट धरून."

तेवढ्यात नवरा मुलगा कार्तिक दारातून डोकावला. तो इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला आहे, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांपाशी. हातात भगव्या प्लास्टिकचे कान, आवाज अडवणारे. "पाट्टी, प्रेसजवळ मी हेच घालतो," म्हणाला. पाट्टी म्हणजे आजी.

उमानं त्या कानांकडे पाहिलं, मग माझ्या कांजीवरमकडे. "आई, पडलात तर?"

"तर तू उचल."

तिनं माझ्या पदराची पिन घट्ट लावली. मग म्हणाली, "मी तुमच्या उजवीकडे उभी राहते."

भगवे कान चढवून धरलेलं ताट जड होतं. नारळावर मंगळसूत्र, भोवती अक्षता. पुन्हा दोन्ही हात अडकलेले. भटजींनी बोट वर केलं. मी तोंड उघडलं. पूर्ण, दाढा दिसतील इतकं.

मेळम कानांतून आलाच नाही. तो जमिनीतून आला, गुडघ्यांतून, बरगड्यांतून. ताटातला नारळ थरथरत होता. कार्तिकनं मंगळसूत्र उचललं. माझ्या दोन्ही कानांवर दाब होता. ओळखीचा. मी पडले नाही. एवढा आवाज माणसं नुसत्या आनंदासाठीही करतात, हे मी जणू पहिल्यांदाच पाहत होते.

मग तो थांबला. आणि शिट्टीही थांबली.

मोठ्या आवाजानंतर ती कधीकधी क्षणभर गप्प होते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. माझी कधी झाली नव्हती. ताट कमरेला टेकवून मी एका हातानं भगवे कान खाली ओढले. रेशमावरून अक्षता घरंगळत होत्या, ते ऐकू आलं. नित्याच्या बांगड्या. उमानं रोखलेला श्वास सोडला, तो. केवढं मोठं होतं सगळं, आणि किती हलकं. मी उभी राहून नुसती ऐकत होते.

मग भीती वाटली. हजेरी घेणाऱ्यानं शेवटी नाव कापलं की काय?

नाही. लांबून, बारीक, ती परत आली. मी ताट उमाच्या हातात दिलं आणि डोळे पुसले. उमाला वाटलं, होमाचा धूर.

आल्बम आला आहे. मुहूर्ताच्या प्रत्येक फोटोत नवरानवरी सुंदर आणि मागे भगव्या कानांची म्हातारी आ वासून. तंजावरचे नातेवाईक विचारतात, जांभई आली होती का? मी सांगते, हुकूम होता, पाळायला उशीर झाला.

कुणाचा हुकूम, असं कुणी विचारलं की नाव सांगते. नायक मुरुगेसन, नर्सिंग असिस्टंट, कुंभकोणम.

हजर आहे.