एका हाताने फिरणारा व्हाइस

घरच्या वर्कबेंचसाठी लाकूड पकडायचा व्हाइस घ्यायला मी नगरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. त्यात किती रुंद फळी मावते, एवढंच मी बघत होतो. शेजारी कर्जतकडच्या एक बाई होत्या. घरून आणलेला फळीचा तुकडा पोटाने व्हाइसला दाबून धरून त्या एकेका व्हाइसचा दांडा उजव्या हाताने फिरवून बघत होत्या. डावा हात मुद्दाम पाठीमागे. दांडा जड गेला की तो व्हाइस बाजूला.

"हात दुखतोय का?" मी विचारलं.

"न्हाई. आमच्या मालकांचा डावा हात गेला, आन् काम सुताराचं. आजवर लाकूड धरायला मीच हुते. आता मी रानात गेले तरी त्यांचं अडायचं न्हाई."

माझा व्हाइस मी दोन्ही हातांनी उचलून घरी आणला.