दिल्लीला नेलेली साक्ष

टेमघरला आमच्या घरामागे सासूबाईंचं अंगण होतं, भात आणि मासळी वाळत घालायचं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एकदा पहाटे मी विहिरीवर होते. थोरल्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या वारलेल्या सासऱ्यांच्या मोठ्या भावाने, अंगणाच्या हद्दीचा दगड पहारीने उपटला आणि आमच्या भिंतीला लागून रोवला. हे मी पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.

जागा गावठाणातली, नकाशा नव्हता. त्यामुळे भिवंडीच्या कोर्टात सगळी भिस्त माझ्यावर आली. पिंजऱ्यात उभी राहिले तर समोरच्या बाकावर थोरले सासरे. त्यांच्यापुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. आमच्यात सून तसं करतच नाही. आमच्या वकिलांनी विचारलं, "दगड कोणी हलवला?"

मी खाली बघत म्हटलं, "मना ठाव न्हाय."

कारकुनाने ते लिहून घेतलं. चौथी शिकलेली म्हणून मी अंगठा न देता सही केली, याचंही तेव्हा मला बरं वाटलं होतं.

आम्ही भिवंडीत हरलो, ठाण्याला हरलो, मुंबईलाही हरलो. अंगणात थोरल्या सासऱ्यांची पॉवरलूमची शेड उभी राहिली. सासूबाई मला कधी टोचून बोलल्या नाहीत. मासळीची टोपली घेऊन दारात उभ्या राहायच्या, "बोलली असतीस गो..." म्हणायच्या आणि पुढचं गिळायच्या.

नव्वद सालानंतर केस दिल्लीच्या सुप्रीम कोर्टात गेली. नवरा म्हणाला, "सगळ्यात मोठा कोर्ट हाय. तिथं तरी तुझा ऐकतील." सासूबाईंनी मला नवं पातळ आणलं. निघताना कुंकू लावून म्हणाल्या, "आता लाजू नको. तिथं थोरला न्हाय."

गाडीत सगळा प्रवास मी ते एकच वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणत होते. दगड थोरल्या सासऱ्यांनी हलवला, मी डोळ्यांनी पाहिलं.

दिल्लीचे वकील मला पाहून चकित झाले. "इनको क्यों लाए?"

"गवाही देगी," नवरा म्हणाला.

वकील हसले नाहीत, ते हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नीट समजावलं. सरकारने केलेला कायदा घटनेत बसत नसेल तर हे कोर्ट तो रद्द करतं, एवढी त्याची ताकद. पण साक्षीदार इथे बोलत नाही. खालच्या कोर्टात जे लिहिलं गेलं तेच इथे येतं. खालच्यांनी कायदा लावताना चूक केली का, एवढंच बघतात. त्यांनी फाइलमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. माझी साक्ष इंग्रजी होऊन माझ्याआधीच तिथे पोचली होती. ओळ एवढीशी होती.

तरीही आत बसल्यावर मी पदर सारखा करत राहिले. कुणीतरी माझं नाव पुकारेल असं वाटत होतं. आमचे वकील थोडं बोलले, न्यायमूर्तींनी नकारार्थी मान हलवली आणि दुसऱ्याचे कागद पुढे आले. नवऱ्याने कोपर ओढलं. "चल. झाला."

सरकारचा कायदा रद्द करणाऱ्या त्या कोर्टापुढे माझे तीन शब्द तसेच राहिले. ते मीच तर बोलले होते.

घरी पोचलो तेव्हा कोन गावाहून नणंद आली होती, शेजारणी जमल्या होत्या. सासूबाईंनी उंबऱ्यातच विचारलं, "बोललीस का गो?"

मी काही म्हणायच्या आत नवरा पाय धुता धुता म्हणाला, "बोलली. जजसाहेबांनी सगळा ऐकला. कायदाच आपल्या बाजूचा न्हाय, ती काय करल?"

सासूबाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवून, दृष्ट काढावी तशी स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

पुढे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. शेडमध्ये लूम खडखडायचे, म्हणून मोठ्याने सांगायच्या, "माझी सून दिल्लीच्या कोर्टात बोलली." थोरल्या सासूबाईंनाही ते ऐकू जायचं. मी चुलीपुढे मान खाली घालून बसायचे आणि बाया म्हणायच्या, किती साधी आहे, काही मिरवत नाही.

सासूबाईंच्या शेवटच्या आजारात त्यांच्या उशाशी मी एकटी असायचे. आई, मी न्हाय बोलले, एवढंच सांगायचं होतं. एकदा त्यांनी स्वतःच माझ्याकडे बघितलं, जणू वाट बघत होत्या.

मी पदर सावरला आणि पाणी हवं का, असं विचारलं.