मागच्या सीटवरचं वजन

आमच्या कळंब्यातल्या बाळासोच्या म्हशी कुणी नावाजल्या तर तो नुसता हसतो. गाडीचं नाव काढलं की मात्र समोरच्याचा चहा गार होईपर्यंत त्याला सोडत नाही. म्हशी त्याला पोसतात आणि तो गाडीला पोसतो.

गाडी वडिलांची. जुनी, गोलमटोल, पांढरी. वडील होते तेव्हा दर दिवाळीला तिच्यातून तानाबाईंना, म्हणजे बाळासोच्या आईला, आजऱ्याला माहेरी न्यायचे. तानाबाई मागच्या सीटवर मधोमध बसायच्या, निवडून आलेल्या सरपंचासारख्या.

वडील गेले आणि बाळासोच्या डोक्यात इंजिन शिरलं. मूळचं काढून त्यानं दोनशे घोड्यांचं बसवलं. मागचा अ‍ॅक्सल मात्र तोच जुना. "अरे, बैलगाडीच्या कण्याला ट्रॅक्टरचं इंजिन लावतोस काय?" मी म्हटलं. "मास्तर, तुमी पोरांस्नी शिकवा की," तो म्हणाला.

पहिल्याच फेरीला आईला बसवून गाडी रंकाळ्यावर आणली. ओळखीची माणसं दिसली म्हणून यानं पाय दाबला आणि मागं कडाडकन अ‍ॅक्सल तुटला. इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागच्या जागी. भेळवालेसुद्धा हसले. तानाबाई उतरल्या, पदर सारखा केला आणि रिक्षाला हात केला. "बाळ्या, ह्या गाडीत मी परत पाय ठेवायची न्हाई."

हे त्याला फार लागलं. येत्या दिवाळीला आईला ह्याच गाडीतनं आजऱ्याला न्यायचं, एवढं एकच त्याच्या मनानं घेतलं. खोटं कशाला बोलू, मलाही वाईट वाटत होतं. दुधाची मापं यंत्रावर गेली, घराचं सगळं सूनबाई संयोगिता बघायला लागली, तेव्हापासून तानाबाईंना कुणी काही विचारायचंच बंद झालं होतं.

बाळासोनं भंगारातनं एका पिकअपचा दणकट अ‍ॅक्सल आणला, कापून मापात बसवला आणि धक्के झेलणारे कमानीचे पाटे करून घ्यायला उद्यमनगरात आरिफभाईंकडे गेला. आरिफभाईंचा हात उसाच्या ट्रॉल्यांवर बसलेला. प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात तेच त्यांनी ह्यालाही विचारलं, "लोड किती?"

बाळासोला वाटलं, इंजिनाचा जोर विचारतायत. छाती फुगवून म्हणाला, "फुल्ल!"

आता आमच्याकडं ट्रॉलीवर ऊस रचून रचून मागचा रस्ता दिसेनासा झाला, की त्याला फुल्ल म्हणतात. आरिफभाईंनी त्या हिशेबानं कडक पाटे केले. मोकळी गाडी रस्त्यावर आली आणि जरा खड्डा लागला की करडागत मागनं उड्या मारू लागली. चाकं हवेत, घोडे वाऱ्यावर. मागं मीच बसलो होतो. टपावर टाळकं असं आपटलं, की दुसऱ्या दिवशी शाळेत टोपी घालून गेलो.

"मग एखादा पाटा काढा की," मी म्हटलं.

"पाटा काढला तर ह्या इंजनाच्या जोरानं अ‍ॅक्सल पिळवटतोय," आरिफभाई म्हणाले. "त्यापरीस मागं वजन घाला."

"मी होतो की मागं!"

"मास्तर, वजन म्हटलो मी."

पेंडीची पोती डिकीत टाकून बघितली. वळणावर ती सगळी एका कोपऱ्यात गेली आणि गाडी लंगडायला लागली. आरिफभाईंनी मान हलवली. "सीटवर पायजे वजन. मधोमध."

मी आणि बाळासो एकमेकांकडं बघत राहिलो.

घरी येऊन तो आईपुढं उभा राहिला. "आई..." दोनशे घोड्यांचा मालक, पण तोंड उघडेना. शेवटी मीच म्हणालो, "काकी, गाडीला तुमचं वजन पायजे. तुमच्याबिगर ती रस्ता धरत न्हाई."

मला वाटलं, आता चप्पल येते. तानाबाईंनी लेकाकडं बघितलं. "खरं काय रं, बाळ्या?"

"व्हय आई. तुझ्याबिगर न्हाई चालत." तो गाडीविषयीच बोलत होता, असं आपण धरून चालू.

"म्हंजे हाय म्हणायचं माझं वजन अजून," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत लुगडं बदलायला आत गेल्या.

दिवाळीला आजऱ्यापर्यंत गाडी सुतासारखी सरळ गेली. मागं तानाबाई मधोमध आणि दोन्ही अंगांना त्यांच्या दांडग्या जावा. चढ आला की मागनं हुकूम सुटायचा, "दाब की रं!"

दिवाळीनंतर आरिफभाईंचा निरोप आला. त्यांनी एक दांडा तयार केला होता. तो अ‍ॅक्सलला जोडला की पिळवटायचं भ्या नाही, मऊ पाटे घालता येतील, गाडी मोकळीसुद्धा झकास पळेल. आम्ही दोघं लगोलग उद्यमनगरात गेलो. बाळासोनं दांडा हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि परत ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, आरिफभाई," तो म्हणाला. "आणि हे आमच्या आईला सांगू नका."