फोनकडे दार केलेली कोपी

भिंगारपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका बी.एड. कॉलेजात मी बहुसांस्कृतिक शिक्षण हा विषय शिकवते. नाव भारदस्त, पण तास दुपारच्या जेवणानंतरचा. त्यामुळे पहिली काही वर्षं मी मुख्यतः पेंगणाऱ्या भावी शिक्षकांनाच शिकवलं. मग कॉलेजात बऱ्यापैकी इंटरनेट आलं आणि माझे दिवस पालटले. मी लिंका जमवायला लागले. कुठल्याशा थंड देशातली शाळा, एकाच बाकावर चार देशांची मुलं आणि चौघांचे चार तऱ्हेचे डबे. दुसरीकडे एक मुलगी स्वतःच्या आजीला वर्गात घेऊन येते आणि आजी तिच्या भाषेत गोष्ट सांगते. असं जे जे सापडेल ते मी एका फोल्डरमध्ये घालत गेले. आमचे हे त्याला 'तुझं लोणच्याचं कपाट' म्हणतात, कारण मी त्यात रोज डोकावते आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

व्हिडिओ बघून मुलं वहीत 'विविधतेत एकता' असं लिहायची आणि खाली दोन रेघा ओढायची. मला वाटायचं, चला, रुजलं.

माझी आणखी एक खोड सांगून टाकते. मला विद्यार्थ्यांची नावं लक्षात राहत नाहीत, गावं राहतात. तेव्हा ही गोष्ट ज्या वर्षाची, त्या वर्षीचे दोघे म्हणजे काष्टी आणि पाथर्डी. काष्टी हा बागायतदाराचा मुलगा, अंगानं भरलेला, तोंडानं मोकळा, आणि वर्गात सगळ्यात भारी फोन त्याचाच. पाथर्डी ही शेवटच्या बाकावरची, नेमकं तेवढंच बोलणारी मुलगी. पहिल्या दिवशी ओळख करून देताना "वडील शेती करतात" एवढं सांगून ती खाली बसली होती.

वर्षाच्या शेवटच्या कामासाठी मी फर्मान काढलं. प्रत्येकानं खऱ्या शाळेत दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा, त्यात फोल्डरमधलं काहीतरी वापरायचं, पाठाचं चित्रीकरण करून ते फोल्डरमध्ये टाकायचं. पंचवीस गुण. तक्ता मीच बनवला होता: आवाज स्वच्छ, वर्ग शांत, मुलं गणवेशात, वेळ काटेकोर, साधनाचा वापर योग्य. निम्म्याखाली गेलं तर पाठ पुन्हा, आणि पाठ पुन्हा म्हणजे परीक्षेचा फॉर्म अडकला, वर्ष गेलं. मला या तक्त्याचा फार अभिमान होता.

आता सराव पाठांची एक रीत आहे, ती कुठल्याच पुस्तकात नसते. पाठाच्या दिवशी शाळा वर्ग निवडून देते. हुशार, धुतल्या कपड्यातली मुलं पुढे बसतात आणि उरलेल्यांना पाणी भरायला, झाडायला, नाहीतर नुसतंच बाहेर पाठवतात. मी स्वतः बी.एड. केलं तेही अशाच निवडक मुलांवर. त्यात काही वावगं आहे हे मला कधी सुचलंच नाही.

काष्टी गावाच्या पलीकडे एका वस्तीवरच्या शाळेत आम्ही जानेवारीत गेलो. ऊसतोड जोरात होती, रस्ताभर उसाच्या वाढ्यांचा कचरा. मुख्याध्यापकांनी हौसेनं स्वागत केलं. "मॅडम, चांगली पोरं पुढं बसवलीत. काळजी नको."

बाहेर लिंबाखाली पाचसहा मुलं मातीत बसली होती. त्यातल्या एका मुलीच्या कडेवर तान्हं भावंड.

"ही कुणाची?"

"कोयत्याची पोरं, ऊसतोडीला आलेल्यांची. कारखाना बंद झाला की जातील गावाला. त्यांचा तुमच्या व्हिडिओत काय उपयोग?"

आणि मी, बहुसांस्कृतिक शिक्षणाची प्राध्यापिका, त्यांना "थँक्यू सर" म्हणाले. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

पाथर्डीचा पाठ होता 'घरांचे प्रकार'. चित्रीकरणाला काष्टी. तिनं माझ्या फोल्डरमधून बर्फाचं घर, नावेतलं घर, लोकरीच्या तंबूचं घर काढलं होतं. मुलं पढवल्यासारखी उत्तरं देत होती, वर्ग शांत होता, मी समाधानानं एकेका रकान्यात खूण करत होते. चौथ्या मिनिटाला पाथर्डी थांबली. मला वाटलं, विसरली. ती खिडकीपाशी गेली आणि तिनं बाहेर हाक मारली, "या रे आत. समद्यांनी या."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे पाहिलं. मुलं आली. बिनगणवेशाची, केसांत पाचटाचा भुगा, तान्ह्या बाळासकट. त्यांच्या मागून एक शेळीही आली. तिला काष्टीनं एका हातानं बाहेर काढलं आणि तेवढा वेळ चित्रीकरण छताचं झालं.

"तुमचं घर कसं बांधतात, सांगता का?" पाथर्डीनं विचारलं.

मग कडेवरच्या बाळाला सावरत ती मुलगी म्हणाली, "कोपी हाय आमची. कळकाच्या चार काठ्या, वर चट्या. आमी आर्ध्या दिसात बांधतो."

"मग इथं बांधू."

पुढची वीस मिनिटं त्या वर्गात जे चाललं त्याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. खोलीतल्या दोन झाडण्या, मोजपट्ट्या, नकाशाची काठी, वर पाथर्डीची ओढणी. निवडून बसवलेली मुलं बाक सोडून खाली आली. एकानं विचारलं, "पाऊस आला तर?" उत्तर आलं, "तर भिजतो. तुमी न्हाई भिजत व्हय?" त्यावर सगळा वर्ग हसला, आणि विचारणारा सगळ्यात जास्त. शाळेच्या भिंतीला लागूनच कोप्या होत्या, पण यातलं एकही पोर कधी आत वाकून गेलं नव्हतं. कोपी उभी राहिली तेव्हा बाळ तिच्यात जाऊन निवांत झोपलं. पाथर्डी खाली बसली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "मी पन सातवीपर्यंत असल्याच कोपीत राहिले. माझी आई आत्ता पन तिथंच हाय."

काष्टीनं फोनवरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं. व्हिडिओत तिथं दोन सेकंद सगळं धूसर आहे.

येताना जीपमध्ये मी तक्ता मांडीवर घेऊन बसले. मी रागावलेच होते, खोटं कशाला सांगू. शिस्त गेली, वेळ गेली, साधन बाजूला राहिलं. तक्त्याप्रमाणे बेरीज केली तर पंचवीसपैकी नऊ.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी उभी राहिली. "मॅडम, मला कळलंय किती पडत असतील. मी पाठ पुन्हा घेते. निवडलेल्याच पोरांवर घेते." आवाजात तक्रार नव्हती, हेच मला लागलं. तिच्या मागे काष्टी होताच. तो म्हणाला, "मॅडम, राग नका मानू. तुमच्या कपाटात समद्या जगाची पोरं हायेत. आमच्या उसातली तेवढी न्हाईत." लोणच्याच्या कपाटाची गोष्ट कॉलेजभर झाली आहे, हेही मला तेव्हाच कळलं. मी त्याला झापलं आणि दोघांना बाहेर पाठवलं.

पण गुण शुक्रवारी ऑफिसात द्यायचे होते, आणि नऊ लिहायला माझा हात धजेना. दुपारी मी कानात हेडफोन घालून व्हिडिओ पुन्हा लावला. निदान आवाजाच्या रकान्यात दोन वाढवता येतात का ते बघावं, एवढाच हेतू. आणि तेव्हा ऐकू आलं. पाथर्डी बर्फाच्या घराचं चित्र दाखवते, "हे घर कशाचं?" असं विचारते, आणि वर्गानं उत्तर द्यायच्या आधी बाहेरून, खिडकीतून आवाज येतो, "बर्फाचं!" नावेच्या घरालाही तेच. तंबूला तर आतली मुलं चुकतात, बाहेरून बरोबर येतं. चौथ्या मिनिटाला खिडकीच्या गजाशी पाच डोकी दिसतात. तोवरचा अख्खा पाठ त्यांनी बाहेरून शिकला होता. पाथर्डीला ते ऐकू आलं म्हणून ती थांबली होती. मी त्याच खोलीत बसून खुणा करत होते.

मला रडू आलं. स्टाफरूममध्ये चहा घेऊन आलेल्या मावशींनी विचारलं, "काय झालं बाई?" मी म्हटलं, "तक्ता चुकला." त्या म्हणाल्या, "मग खोडा की."

खोडला. 'वर्ग शांत'च्या जागी 'बाहेर कोणी राहिलं का' असं लिहिलं, गणवेशाचा आणि वेळेचा रकाना काढून टाकला. नव्या तक्त्यावर सगळ्यांचेच पाठ पुन्हा तपासले. काष्टीचे चार गुण कमी झाले आणि त्यानं ते हसत सोसले. पाथर्डीचे पंचवीसपैकी पंचवीस होत होते. मुलांच्या आईबापांना विचारून आलीस तर व्हिडिओ फोल्डरमध्ये ठेवू, असं मी तिला सांगितलं. ती कोप्यांवर जाऊन विचारून आली. त्या संध्याकाळी तिनं आणखी एक गोष्ट केली, जी कॉलेजात आल्यापासून केली नव्हती. स्वतःच्या वर्गाचा व्हिडिओ आईला पाठवला. आई तेव्हा दुसऱ्या तालुक्यातल्या कारखान्यावर ऊस तोडत होती.

शुक्रवारी सकाळी, गुणांचा कागद ऑफिसात जायच्या आधी, ती फोन घेऊन पळत आली. "मॅडम, आईचा निरोप हाय. तुमच्यासाठी हाय." तिनं फोन माझ्या कानाला लावला. मागे टायरगाडीचा खडखडाट आणि बैलांची घुंगरं.

"बाई, नमस्कार. पोरीचं शिकवनं बघितलं. आमच्या टोळीनं समद्यांनी बघितलं, दोनदा. लई चांगलं वाटलं. पन कोपीचं दार चुकलंय. तिनं दार फोनकडं केलंय, वाऱ्याकडं बघितलंच न्हाई. खिडकीतनं वारं सरळ दारात येतंय, ओढनी कशी फुगतीय बघा. आसं दार केलं तर धूर समदा आत, लेकरू खोकून मरंल. सातवीपर्यंत कोपीत राहिली आन् इसरली. मार्क कापा तिचा."

मी पाथर्डीकडे पाहिलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. तिनं विचारलं, "कापता का मग?"

आमच्याकडे बाहेरून परीक्षक येतात, चहापोहे घेतात, सह्या करतात आणि जातात. पाठ इतका नीट बघितलेला परीक्षक मला इतक्या वर्षांत भेटला नव्हता. मी पंचवीस खोडून चोवीस केले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'कोपीचं दार चुकून वाऱ्याकडे झालं.' बाहेरच्या परीक्षकाच्या सहीची जागा मोकळी होती. तिथं मी पाथर्डीला तिच्या आईचं नाव लिहायला सांगितलं.