बसलेल्या केकवर तूप

मंडळी, आज कौंडण्यपूरले नदीकाठी मुक्कामी आहो. कारमागच्या आमच्या छोट्या ट्रेलरमधी गॅसवर बाबांच्या वाढदिवसाचा केक केला. आई गेल्यावरचा हा पहिलाच वाढदिवस.

कढईत मीठ तापवून भांडं ठेवलं. बाबा घडीघडी झाकण उघडून पाहून राहिले. व्हायचं तेच झालं, केक मधोमध खाली बसला! मी चिडली.

बाजूले एक काकू गोवऱ्यांवर कणकेचे गोळे, रोडगे, भाजून राहिल्या होत्या. त्या आल्या अन् म्हणाल्या, "एवढी काहून चिडून राहिली, बाई? खड्डा पडला त तुपाले जागा झाली!" अन् रोडग्यांसाठीचं गरम तूप केकच्या खड्ड्यात ओतलं.

बाबा हसले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी स्वतःहून मागितलं, "अजून एक तुकडा दे वं."

काकूंचं नाव विचाराचंच राहिलं. कोणी ओळखत असाल त सांगा. पुढच्या वर्षीही बाबांले बसलेलाच केक पायजे.