कोंडाचा तळ

शिवा चिरेवाल्याला आयुष्यात दोनच गोष्टींचा गर्व होता. एक म्हणजे त्याने खाणीतून काढलेला जांभ्या दगडाचा चिरा, आणि दुसरी म्हणजे वाडीचा कोंड. चिऱ्याचं ठीक आहे, त्यात त्याचा स्वतःचा घाम होता आणि डाव्या हाताची दोन चेचलेली बोटंही. कोंड काही त्याच्या बापाने बांधला नव्हता, पण तो एकदा सांगायला लागला की ऐकणाऱ्याला तसंच वाटायचं.

रत्नागिरीजवळच्या आरे-वाऱ्याच्या वर जो सडा, म्हणजे कातळाचा माळ, आहे त्याच्या उतारावर शिवाची वाडी होती, कुळवाड्यांची बारा घरं. समोर नजर पोचेल तिथवर समुद्र, आणि पिण्याचं गोडं पाणी मात्र एवढंच. जांभ्याच्या कड्याच्या बुडातून झरा निघायचा आणि खालच्या खळग्यात साठायचा, तोच कोंड. कड्याशी, झऱ्याच्या तोंडाला, बाया हंडे भरत. खालच्या अंगाला पोरं डुंबत. शिवा वैशाखातसुद्धा संध्याकाळी खाणीवरून लाल धुळीने माखून येई तो घरी न जाता थेट कोंडात. उभं राहिलं तर पाणी कमरेला लागायचं, म्हणून तो बसायचा, मानेपर्यंत, आणि बायको राही हाका मारून थकेपर्यंत उठायचा नाही. वाडीतल्या पोरांच्या पाठीला पांगाऱ्याचे हलके ओंडके बांधून त्यांना पोहायला शिकवायचं कामही त्याने आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

दर चैत्रात वाडी मिळून कोंडाचा गाळ काढी. त्याची रीत ठरलेली होती: हातांनी आणि करवंट्यांनी. फावडं नाही, कुदळ नाही. कोंडाच्या तळाला लोखंड लावायचं नाही, कोंडाच्या राखणदार देवाला खपत नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक. का खपत नाही ते विचारायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

रत्नागिरीच्या शाळेतले मास्तर अण्णा जोगळेकर यांची आंब्याची बाग त्याच उतारावर होती. तीस सालच्या सुमारास ते सुट्टीच्या दिवशी विद्यार्थ्यांना घेऊन कोंडावर येऊ लागले. त्यांचं बघून शहरातली आणखी मंडळी येऊ लागली, पोहे-नारळ बांधून. धोतरं खोचून, पाण्यात पाय सोडून तास न् तास बसत आणि पाणी किती गार आहे ते एकमेकांना सांगत. शिवाला हे फार आवडायचं. अण्णा एकदा सहज म्हणाले, खालच्या अंगाला चिऱ्यांचा कठडा घातला तर पाणी आणखी चढेल आणि मुलांना सूर मारता येईल. शिवाने तिथल्या तिथे छाती ठोकून सांगितलं की पुरुषभर पाणी करून देतो. वाडीनेही होकार दिला, तळाला लोखंड लावायचं नाही या बोलीवर.

कठडा सुरेख झाला. पण पाणी चढलं ते छातीपर्यंतच. पुरुषभराला हातभर कमी, आणि शब्द तर देऊन बसलेला. दुसऱ्या दिवशी वाडी झाडून सगळी एका लग्नाला गेली. शिवा पाठदुखीचं निमित्त करून मागे राहिला. कठड्याच्या बुडाशी पाणी सोडायला ठेवलेली मोरी उघडून त्याने कोंड रिता केला आणि तळ खोल करायला झऱ्याच्या तोंडाशी असलेला जांभ्याचा एक उंचवटा काढावा म्हणून पहार घातली. उंचवटा निघाला. दुसऱ्या घावाला पहार एकदम मऊ पांढऱ्या शेडीत, चिकणमातीच्या थरात, गेली, लोण्यात जावी तशी, आणि खालून पोकळ आवाज आला. चिऱ्याच्या खाणीत जन्म गेलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. जांभा म्हणजे चाळण, पाणी त्यात थांबत नाही. ते थांबतं ते खालच्या शेडीच्या थरामुळे. हात आणि करवंटी शेडी फोडू शकत नाहीत, म्हणून तर ती रीत. शिवाला ते कळलं, पण पहार बाहेर काढल्यावर. त्याने भोक रेतीने भरलं आणि मोरी बंद केली.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी समारंभ केला. सगळ्यांनी एकत्र स्नान करायचं, जात बघायची नाही, असा त्यांचा हट्ट. वाडीतल्या निम्म्या घरांना त्यांच्या बागेत काम होतं, त्यामुळे लोक आंबट तोंडं करून गप्प बसले. वाडीच्या टोकाला राहणारा धोंडू चांभार लांब उभा होता, त्याला अण्णांनी हाताला धरून आणलं. धोंडू खाडीच्या पाण्यात वाढलेला. त्याने कठड्यावरून असा सूर मारला की शाळेच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो वर आला तेव्हा हसत होता. शिवाही हसला.

आठ दिवसांत पाणी कमरेवर आलं, मग गुडघ्यावर. शिवा चोरून भोकात माती कोंबत होता, जुनं गोणपाट कोंबत होता. काही टिकलं नाही. पंधराव्या दिवशी बायांचे हंडे झऱ्याच्या तोंडाशी कोरडे वाजले. त्या रात्री जेवताना त्याने राहीला सगळं सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं.

"उद्या गावकी बसतेय," ती म्हणाली. "तिथं सांगून टाका."

त्याने सांगतो म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

गावकीत पहिलाच माणूस बोलला तो धोंडूबद्दल. चांभार उतरला, राखणदार कोपला. मग सगळेच तेच बोलायला लागले. पंधरा दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं. अण्णा तळमळून भांडले, पण धोंडूला हाताला धरून आणणारे तेच, त्यांचं कोण ऐकणार? धोंडू अंगणाबाहेर उकिडवा बसला होता. त्याने एकदा मान वर करून शिवाकडे पाहिलं. शिवा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्याला भीती वाटली, दुसरं काही नाही. बारा घरांचं पाणी आपण घालवलं हे तोंडाने म्हणायची त्याची छाती झाली नाही. ती छाती ठोकायलाच काय ती कामाची होती.

धोंडूला कोणी काम द्यायचं नाही, त्याच्या वाटेने जायचं नाही, असं ठरलं. पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने तो बायकोला घेऊन मुंबईला गेला. त्याच्या खोपटीवरची गवताची केंबळं पहिल्याच पावसात खाली आली.

त्यानंतर वाडीच्या बाया अर्ध्या कोसावरच्या मचूळ विहिरीवर जाऊ लागल्या. राही आठ वर्षं डोक्यावरून हंडे आणत होती. ती शिवाला चुकूनसुद्धा काही बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो खाणीवरून येऊन अंगणात दोन तांबे अंगावर घ्यायचा आणि त्या दोन तांब्यांचीही त्याला लाज वाटायची. पोरांना पोहायला शिकवणं संपलं. रविवारची मंडळी दुसरीकडे जाऊ लागली.

अडतीस साली कळलं की धोंडू भाचीच्या लग्नाला रत्नागिरीत आलाय. शिवा सकाळी उठून चालत गेला. धोंडू दारात वहाण शिवत बसला होता, केस पांढरे झालेले. शिवाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आठ वर्षं घोकलेलं, तरी अडखळत. धोंडूने हातातला टाका पुरा केला.

"मना ठावक व्हता, शिवादा," तो म्हणाला. "त्या दिशी सूर मारून पार झऱ्याच्या तोंडाशी गेलो, तवा हात कोपरापर्यंत तळात गेला. वर आलो तो मुठीत पांढरी शेडी. पहारीचा वण हाताला कळतो, नि लग्नादिशी मागं तुमीच राहिलेलात."

"मग तवाच का नाय बोललास?"

"जन्मात पयल्यांदा त्या पाण्यात उतरलो व्हतो. म्हटला, आजचा दिस कशाला नासवा. नि गावकीत माझा कोण ऐकणार व्हता? तुमचा ऐकला असता. तुमाला चार शिव्या बसल्या असत्या नि लोक विसरले असते. म्हणून तुमच्याकडं बघितला."

धोंडूच्या बायकोने आतून डोकावून पाहिलं आणि ती परत आत गेली. कुळवाड्याला पाणी विचारायचं नाही हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

त्याच संध्याकाळी शिवाने वाडीच्या देवळापुढे जमलेल्या लोकांना सगळं सांगितलं. धोंडूचा काही दोष नाही, पहार मी घातली, राखणदार वगैरे काही नाही. लोकांनी ऐकून घेतलं. कोणी रागावलंसुद्धा नाही. सगळ्यांच्या तोंडावर एक समजूतदार भाव आला, तापात बडबडणाऱ्या माणसासमोर येतो तसा. मग म्हाताऱ्या बाबूने हळूच विचारलं, "आज गेलेलास व्हय त्याच्याकडं? पाणीबिणी प्यायलास काय रे?"

शिवाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आठ वर्षांनी खरं बोलला ते एकालाही पटलं नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला. "प्यायलो."

हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. दुसऱ्या दिवसापासून राहीचा हंडा विहिरीवर नको, हे अंधार पडायच्या आत ठरलंसुद्धा.

घरी राही चुलीपुढे बसली होती. तिच्या कानावर सगळं आधीच आलं होतं.

"खरंच प्यायलात?" तिने विचारलं.

"नाय. धोंडूकडं कोणी पाणी विचारलाच नाय."

राहीने लाकूड पुढे सारलं.

"मागायला हवा व्हता," ती म्हणाली.